मावशीचा डावा कान

त्या दिवशी ताईच्या डाव्या गालावर नऊ थपडा बसल्या. आकडा पक्का आहे, कारण जवळजवळ प्रत्येक थपडेनंतर तिच्या चेहऱ्यापाशी जाणारा माणूस मी होतो. माझा धंदा रंगभूषेचा. तीस वर्षं लोकांचे चेहरे रंगवून पोट भरतोय. कोणाचा गाल किती तापलाय ते मला स्पंजमधूनही कळतं. त्या दिवशीही कळलं होतं, आणि तरी मी मूग गिळून गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी एकेकाच्या नावाने बोटं मोडायला लागलो की तुम्ही विचाराल, तू काय करत होतास? मी रंग लावत होतो.

ताई माझी सख्खी बहीण नव्हे. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ताई. ती मला रंगोबा म्हणते. तिचे वडील नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचे आणि नट वाक्य विसरला की हळूच पुरवायचे. ही त्यांच्या पायाशी बसून मोठी झाली. ही सोळा वर्षांची असताना एक नटी तापाने फणफणली, तेव्हा हिला उभं केलं, कारण सगळ्यांची सगळी वाक्यं हिलाच पाठ होती. तिथपासून आजपर्यंत सदतीस वर्षं ती काम करते आहे.

पण नाटकावर चूल पेटत नाही. आणि मालिकांचं गणित असं, की जिचं नाक जरा बसकं आणि रंग जरा सावळा, तिच्या हातात ट्रे द्यायचा. ट्रे घेऊन आत ये, ट्रे ठेव, बाहेर जा. पंचवीस वर्षांत ताईने एक्केचाळीस घरांत चाकरी केली, सहा वेळा ती नर्स झाली आणि एकदा प्रेत. "प्रेताचं काम सगळ्यात बरं," ती म्हणायची, "निदान आडवं तरी होऊ देतात." कारण सेटवर तिच्यासाठी खुर्ची नसायची. घरून घडीचं स्टूल आणायची, कोपऱ्यात बसून पुस्तक वाचायची. सकाळी नऊला बोलवायचे आणि चारला तिचं दृश्य घ्यायचे. पहाटे पाचला उठून भावोजींचा डबा करायची, दोन बस बदलून यायची. भावोजी शाळेची बस चालवतात. सबंध दिवस पन्नास पोरांचा कालवा ऐकल्यावर माणूस घरी बोलेल कशाला? पण ताईच्या प्रत्येक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला ते शेवटच्या रांगेत असायचे.

ताईचं खरं काम दर दुसऱ्या शनिवारी, एका सव्वाशे खुर्च्यांच्या लहानशा नाट्यगृहात. तिथे ती निवृत्त न्यायाधीश व्हायची. जिला तिने जन्मठेप दिली होती त्या मुलीचा बाप तिच्या घरी येतो, आणि दीड तास दोघं बोलतात. एवढंच नाटक, पण आठ वर्षं चाललेलं. ताई त्यात अशी बसायची की समोरच्या माणसाला आपण उभे आहोत याची लाज वाटावी. तिथली रंगभूषा मी फुकट करायचो, आणि फुकट करतो म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटायचो.

आता त्या दिवसाचं सांगतो. मालिका दोन वर्षं चालली होती. श्रीमंत कुटुंब, मोठा बंगला, आणि ताई त्या बंगल्यातली मावशी. सेटवरही सगळे तिला मावशीच म्हणायचे. तिची वाक्यं ठरलेली. "चहा आणू का?" आणि "बाहेर कोणीतरी आलंय." त्या आठवड्यात मात्र कथेत अंगठी हरवली, आणि बंगल्याची मालकीण मावशीवर संशय घेऊन तिच्या कानाखाली मारते असं दृश्य आलं. थपडेनंतर मावशीला तीन वाक्यं होती आणि चेहऱ्याचा क्लोजअप. ताई खूश होती. आठ दिवस ती तीन वाक्यं ती बसमध्ये, स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीत बसून वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून बघत होती.

मालकिणीचं काम करणारी मुलगी चोवीस वर्षांची. मालिका गाजलेली, त्यामुळे वयाने दुप्पट असलेली माणसंही तिला मॅडम म्हणायची. दिवे लावायचं काम चालू होतं तेव्हा ताई तिच्यापाशी गेली.

"मॅडम, दोनदा करून बघू या का? तुमचा हात माझ्या गालापुढून असा वीतभर अंतरावरून जातो. मी त्याच क्षणी मान फिरवते आणि खाली टाळी वाजवते. तुम्ही फक्त नजर सोडू नका. राग सगळा डोळ्यांत."

मॅडमचं लक्ष हातातल्या फोनमध्ये होतं. "कळलं मावशी. सोपंय."

"सोपं आहे, पण हाताला सवय लागते. दोनदाच करू."

"मावशी, कळलं म्हटलं ना."

ताई मागे आली. माझ्याकडे बघून तिने खांदे उडवले.

दिग्दर्शकाच्या तोंडी एकच शब्द असायचा, 'खरं.' भिंती प्लायवूडच्या, फुलं प्लास्टिकची, डोळ्यांतलं पाणी ग्लिसरीनचं, आणि या गृहस्थाला थप्पड तेवढी खरी पाहिजे! मॅडमला त्याने बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण पहिल्याच वेळी तिचा हात वीतभर अंतरावरून गेला नाही. तो बसला. चांगला खणखणीत बसला.

तरी ताईने तिन्ही वाक्यं म्हटली. दिग्दर्शक मॉनिटरमागून ओरडला, "वा! हेच पाहिजे होतं!"

मॅडमने तोंडावर हात नेला. "सॉरी मावशी. लागलं का?"

उत्तर दिग्दर्शकानेच दिलं. "मावशी जुन्या आहेत. त्यांना काही होत नाही. चला, परत एकदा, सावली पडली चेहऱ्यावर."

दुसरी बसली. तिसरी बसली. तिसरीनंतर ताई बोलली. चढ्या आवाजात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"साहेब, त्यांना हात पुढून काढू द्या. कॅमेरा त्यांच्या पाठीमागे आहे, लागलं की नाही ते दिसणारही नाही. आवाज तर तुम्ही नंतर घालताच."

"मावशी, ते तुमच्या नाटकात ठीक आहे. इथे प्रेक्षक चेहरा वाचतो. एवढं सांभाळून घ्या ना."

सांभाळून घ्या. या धंद्यात मी हे हजारदा ऐकलंय, आणि दर वेळी ते मार खाणाऱ्यालाच सांगतात. मारणाऱ्याला कोणी सांभाळायला सांगितलेलं मला तरी आठवत नाही.

चौथी, पाचवी, सहावी कॅमेरा दुसऱ्या बाजूला लावून घेतली, गाल तोच. मग दिग्दर्शकाने मला हाक मारली. मला वाटलं, गालाला बर्फ लाव म्हणेल. तो म्हणाला, "बोटांचे वळ एकसारखे नाहीयेत. दोन उठलेत, तिसरा दिसत नाही. जरा वाढव. आणि हे दोन पुसू नकोस हं, मस्त आलेत."

मी ब्रश घेतला. ताईचा गाल तव्यासारखा तापला होता. मी दोन खऱ्या वळांशेजारी एक खोटा वळ काढला, मापात, अगदी सफाईने. ताई माझ्याकडे बघत होती.

"लाव, रंगोबा, लाव. तुझं काम तू कर," ती म्हणाली.

तेव्हा मला वाटलं, ती मला समजून घेते आहे. इतका मी मूर्ख.

सातवी, आठवी. नववीला मॅडम दमली होती. हात सैल सुटला, वर गेला आणि तळवा सपाट कानावर बसला. आवाज वेगळाच आला, फुगवलेली कागदी पिशवी फोडल्यासारखा. ताईने टेबलाची कड धरली. मग मान वर करून तिने तिन्ही वाक्यं म्हटली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशीचं ग्लिसरीनशिवायचं पाणी तेवढंच.

फ्लोअरवर आम्ही सतरा माणसं होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी बर्फ घेऊन गेलो. ती स्टुलावर बसली होती. मी काहीतरी बोललो, तर तिने हात केला. "या बाजूने बोलू नकोस. काही कळत नाहीये. नुसती शिट्टी वाजतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उशीवर रक्ताचा डाग होता. भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा बसची पाळी दुसऱ्याला दिली आणि ते तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. पडद्याला भोक पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाणी जाऊ देऊ नका, भोक बहुतेक आपोआप भरेल, पण ऐकू किती येईल ते आत्ता सांगता येणार नाही. पुढे दोन महिन्यांनी भोक भरलंही. शिट्टी मात्र राहिली, आणि त्या कानाने निम्म्याहूनही कमी ऐकू येतं ते आजतागायत.

तो भाग पुढच्याच आठवड्यात लागला. मी घरी बघितला. थप्पड तीन वेळा दाखवली, तीन बाजूंनी, मध्ये पडदा पांढरा करून. आणि आवाज? तो नेहमीचा 'सटाक्'! मागच्या मालिकेत सासऱ्याने जावयाला मारली तेव्हाही तोच होता. ताईच्या कानातून निघालेला आवाज त्यांनी वापरलासुद्धा नव्हता. मी टीव्ही बंद केला, तर बायको म्हणाली, "अहो, त्यावर काय राग काढताय?"

ताई डॉक्टरांचा कागद घेऊन प्रॉडक्शन मॅनेजरकडे गेली. त्याची खोली माझ्या मेकअपरूमला लागून, मधली भिंत प्लायची, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मला दोन गोष्टी पाहिजेत," ताई म्हणाली. "ज्या फ्लोअरवर मारलं त्या फ्लोअरवर, त्याच माणसांसमोर मॅडमनी आणि दिग्दर्शकांनी माफी मागायची. आणि यापुढे मारझोडीचं दृश्य असेल तर आधी तालीम व्हायची. लेखी."

"मावशी, औषधपाण्याचं आपण बघू ना..."

"औषधपाण्याचं माझा नवरा बघतोय. मी काय मागितलं ते तुम्ही ऐकलंत की तुमचाही पडदा फाटलाय?"

मॅनेजरची खुर्ची करकरली. मग त्याचा आवाज एकदम गोड झाला. असा गोड आवाज मी ओळखतो, तो लागला की आपला खिसा चाचपावा. "हे बघा. लेखकांशी माझं बोलणं झालंय. तुमच्या मावशीला एक कथानक द्यायचं चाललंय. तिचा हरवलेला मुलगा परत येतो. पाच भाग. त्यात एक अख्खं दृश्य तुमचं एकटीचं. आता असल्या वेळी कोर्टकचेऱ्यांची भाषा कशाला?"

ताई तिथून उठून माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि खुर्चीत बसली. आरशात बघत म्हणाली, "पाच भाग, रंगोबा. एकटीचं दृश्य. पंचवीस वर्षांत मला कोणी एकटीचं दृश्य दिलं नाही." आणि मी शपथेवर सांगतो, तिचे डोळे चमकले. ती नटी आहे. भुकेल्यासमोर ताट ठेवावं तसं त्याने ते ठेवलं होतं, आणि त्या हरामखोराला ते नेमकं माहीत होतं.

मी म्हणालो, "घे ना मग, ताई. झालं ते झालं. माफीने कान थोडाच परत येणार आहे?"

ती खुर्चीसकट माझ्याकडे वळली. "काय म्हणालास?"

"म्हणजे... तुझ्याच भल्याचं सांगतोय. मॅडमचं पारडं जड आहे. आपण लहान माणसं."

"आपण? कोण आपण? थप्पड तुला बसली? तू उभा होतास तिथे. बोटभर अंतरावर उभा होतास. माझा गाल भाजत होता आणि तू त्याच्यावर तिसरं बोट काढत होतास, रांगोळी काढल्यासारखं! मी म्हटलं, लाव. वाटलं, आता तरी हा ब्रश खाली ठेवील. म्हणेल, साहेब, पुरे. एवढे दोनच शब्द! तुला काय संवाद पाठ करायचा होता?"

"ताई, माझ्या नोकरीचा..."

"माझी नव्हती नोकरी?" ती उठली. "तो पलीकडचा मला भूमिका देऊन गप्प करतो आणि तू फुकटात सांगतोस. त्याच्यापेक्षा तू स्वस्त, एवढाच फरक."

दार तिने इतक्या जोरात आपटलं की आरशाभोवतीचे दोन दिवे गेले. मी ते बदलत बसलो आणि तिलाच मनात शिव्या देत होतो. खरं बोचलं की माणूस आधी असाच फिरतो.

तिने ते पाच भाग नाकारले. कलाकारांच्या संघटनेत तिने अर्ज दिला. तिथल्या तक्रार समितीचा अध्यक्ष एक म्हातारा नट, तरुणपणी ताईबरोबर काम केलेला. तिला वाटलं, हा तरी ऐकेल. सुनावणीच्या दिवशी भावोजी तिच्याबरोबर गेले, तर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. आत काय झालं ते मला नंतर ताईनेच सांगितलं. म्हणजे मला नाही, नाट्यगृहात सगळ्यांना सांगत होती आणि मी कोपऱ्यात उभा राहून ऐकलं.

अध्यक्ष म्हणाले, "अगं, आपल्या कामात लागायचंच. मी एकदा पाय मोडलेला असताना प्रयोग केलाय, तुला आठवत असेल."

"आठवतोय ना. कोणी मोडला होता?"

"कोणी म्हणजे? जिन्यावरून पडलो होतो."

"मग जिन्याने माफी मागायची नसते. माणसाने मागायची असते."

त्यावर समितीतले एक जण हसले, दुसऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि तिसऱ्यांनी विचारलं, साक्षीदार आहे का? प्रॉडक्शनने लिहून दिलं होतं की दृश्य तालमीप्रमाणेच झालं आणि कलाकाराने वेळेवर मान फिरवली नाही. मान फिरवली नाही म्हणे! जिने शहरातल्या निम्म्या नटांना थपडेपुढे मान फिरवायला शिकवलं, तिने! सतरा माणसांपैकी एकानेही कागदावर सही केली नव्हती. कॅमेरावाल्याने कानावर हात ठेवले. दिवेवाला म्हणाला, मी वर होतो. मला ताईने विचारलंच नाही. सोमवारी मी सेटवर गेलो तेव्हा मालिकेतली मोठी सून धाकटीला सांगत होती, "मावशी गावाला गेल्या, आता येणार नाहीत." बस्स. दोन वर्षांची भूमिका एका वाक्यात गुंडाळली. हरवलेला मुलगा त्यांनी बंगल्यातल्या माळ्याला दिला.

त्यानंतरच्या शनिवारी नाटकाचा प्रयोग होता. मी नेहमीसारखी पेटी उघडली, टॉवेल झटकला. ताईने माझ्या हातातला स्पंज काढून घेतला.

"राहू दे. माझा चेहरा मी करीन."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बापाचं काम करणाऱ्या नटाला रंगवलं आणि विंगेत जाऊन उभा राहिलो. प्रयोगात त्या नटाचा एक प्रश्न येतो. "निकाल देताना तुम्ही तिच्याकडे एकदा तरी बघितलं होतंत का?" तो ताईच्या डाव्या बाजूने, पाठीमागून विचारतो. त्याने विचारलं. ताई गप्प. तो थांबला, पुन्हा विचारलं. ताई समोर बघत बसलेली. तिला ऐकूच आलं नव्हतं. प्रेक्षागृहात खोकलासुद्धा नव्हता. त्या नटाच्या कपाळावर मी लावलेला रंग घामाने सुटताना मला दिसत होता. शेवटी तो चालत तिच्या समोर आला आणि तिसऱ्यांदा विचारलं, आणि ताईने उत्तर दिलं.

प्रयोग संपल्यावर एक प्रेक्षक आत येऊन म्हणाले, "त्या प्रश्नानंतरची ती शांतता, बाई! अंगावर काटा आला." ताईने त्यांचे आभार मानले. ते गेल्यावर तिने पावडरचा डबा उचलून भिंतीवर फेकला.

"शांतता! बहिरी झालेय मी, आणि यांच्या अंगावर काटा!" मग ती बसली. तिचे वडील आयुष्यभर इतरांना वाक्य ऐकू जावं म्हणून विंगेत बसले, आणि तिला समोरचं वाक्य ऐकू आलं नाही. ते ती बोलली नाही. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. जमिनीवरची पावडर मी कपड्याने टिपली. तिने पाय उचलून घेतले.

रविवारी सकाळी मी वही घेऊन बसलो आणि जे बघितलं ते लिहिलं. नऊ थपडा, कितवी कशी बसली, तिसरीनंतर ताई काय म्हणाली, दिग्दर्शकाने काय उत्तर दिलं. मी काढलेला वळ पण लिहिला. बायकोने वाचलं. "बरं लिहिलंयत," ती म्हणाली. "पण हे दीड महिन्यापूर्वी का नाही लिहिलंत?" खाली सही करून मी कागद संघटनेत दिला. आठवड्याच्या आत मॅनेजरचा निरोप आला, सोमवारपासून येऊ नका, दुसरा माणूस घेतलाय.

दुसरी सुनावणी झाली. या वेळी मी आत होतो आणि भावोजी विचारायला न थांबता सरळ आत येऊन बसले. दिग्दर्शक आला नाही, मॅडमही नाही. मॅडमच्या सहीचं पत्र आलं होतं. अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं. "माझ्या कृतीमुळे जर कोणाचं मन दुखावलं असेल, तर मी दिलगिरी व्यक्त करते."

"पुन्हा वाचा," ताई म्हणाली. अध्यक्षांना वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी आवाज चढवून पुन्हा वाचलं.

"माझं मन ठणठणीत आहे," ताई म्हणाली. "कान दुखावलाय. आणि 'जर' कशाला? हा डॉक्टरांचा कागद. आणि 'कोणाचं' म्हणजे? तिथे नऊ वेळा रांग लावून वेगवेगळे लोक उभे होते का?"

भावोजी खाकरले. सगळे त्यांच्याकडे वळले. "माझ्या बसमध्ये एखाद्या पोराने दुसऱ्याला मारलं," ते म्हणाले, "तर मी बस थांबवतो. पहिल्याच चापटीला. तुमच्याकडे एवढी शिकलेली माणसं होती." एवढंच बोलले आणि त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

समितीने काय केलं? परिपत्रक काढलं. 'शारीरिक झटापटीच्या दृश्यांपूर्वी तालीम करण्यात यावी.' कोणी मारलं, कोणाला मारलं, काही नाही. तो कागद सगळ्या स्टुडिओंमध्ये चिकटवला. आमच्या त्या स्टुडिओत तो स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी आहे. ताई म्हणाली, "जागा बरोबर निवडली."

या गोष्टीला चार-सहा महिने झाले असतील. नाटकात आता बाप सगळे प्रश्न उजवीकडून विचारतो. ताईने सबंध हालचाली नव्याने बसवल्या, टेबल-खुर्ची फिरवली, आणि तो नट चुकून डावीकडे गेला की त्याच्याकडे असं काही बघते की तो आपोआप सरकतो. मी अजून जातो, बाकीच्यांना रंगवतो. ती स्वतःचा चेहरा स्वतः करते. बोलणं सुरू झालंय, पण जपून. एका शनिवारी दुपारच्या प्रयोगानंतर दारावर टकटक झाली आणि मॅडम आत आली. एकटी. तोंडावर मेकअप नव्हता. त्याच्याशिवाय ती शाळेतली पोरगी दिसत होती.

"मावशी, मी नाटक बघितलं," ती म्हणाली. "तुम्ही... मला माहीतच नव्हतं तुम्ही असं काम करता."

ताई डोळ्यांखालचा रंग पुसत होती. "दोन वर्षं एका घरात राहत होतो आपण."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, मला सॉरी म्हणायचंय. मला कोणी सांगितलंच नाही तुम्हाला इतकं लागलं ते. आणि ते दिग्दर्शक... मी खरं मारलं नाही तर माझ्या चेहऱ्यावर राग येत नाही म्हणाले. मी घाबरले होते."

"मी सांगितलं होतं. तिसरीनंतर. तू ऐकत होतीस."

"हो."

"घाबरली होतीस हे कळतं मला. सगळेच घाबरले होते. हा इथे उभा आहे, हाही घाबरला होता." ताईने माझ्याकडे बोट केलं. "पण पोरी, मारलंस सतरा माणसांसमोर आणि माफी दार लावून? उद्या फ्लोअरवर जा. सगळ्यांना गोळा कर. मी येते. मेकअप पण नको, अशीच येते. म्हणशील तिथे?"

मॅडम समोरच्या खुर्चीत बसून रडायला लागली. मला वाटलं, आता ताई उठेल, तिच्या पाठीवर हात ठेवेल. नाटकांत असंच असतं. ताई उठली नाही.

"मग ते मला काढतील, परत घेणार नाहीत, मावशी. आधीच नवीन मुलगी आणायचं चाललंय."

"मला नाही घेतलं परत," ताई म्हणाली. "रडायचं तर रड. पण ती खुर्ची सोड, पाच वाजता दुसरा प्रयोग आहे, मला आवरायचंय."

मॅडम गेली. फ्लोअरवरून कसलंही बोलावणं आलं नाही. तीन दिवसांनी मात्र तिने नाटकाच्या फलकाशेजारी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'अभिनयाची शाळा बघून आले. प्रत्येकाने पाहावं असं नाटक.' कानाचं, थपडेचं अवाक्षर नाही. आणि लोकांचं बघा, पुढचे चार प्रयोग भरले! सव्वाशे खुर्च्या, वर भिंतीला टेकून उभे राहिलेले वेगळे. आठ वर्षांत असं झालं नव्हतं. तिकीट खिडकीवरचा माणूस नाचायचा बाकी होता.

ताईला हे कळलं तेव्हा ती कपडे बदलत होती. पडद्यामागून तिचा आवाज आला. "म्हणजे मी आठ वर्षं बोंबलतेय ते कोणाच्या कानावर गेलं नाही, आणि हिने फोटो टाकला तर रांगा? माझा कान फोडून वर माझ्यावर उपकार?"

"रद्द करायचा का?" बापाचं काम करणाऱ्या नटाने भीत भीत विचारलं.

"का रद्द? तिकीट काढून आलेल्या माणसांनी काय पाप केलंय?" ती पडदा सारून बाहेर आली. न्यायाधीशांचा करडा कोट चढवलेला, केस घट्ट मागे बांधलेले, आणि चेहरा असा की मी दोन पावलं मागे सरलो. "पण मला राग आलाय तो आलाय. तो कोणी मला गिळायला सांगू नका. घंटा झाली का रे?"

दुसरी घंटा झाली होती. तिला ऐकू आली नव्हती. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन सांगितलं, आणि ती स्टेजवर गेली.